ह्वेइकाकांचा धाकटा

मी रस्ता चुकत नाही! ही बढाई नाही, माझं पोटच त्यावर चालतं. श्यामन शहरात मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो. माझ्या हाताखालून गेलेली माणसं आज शहरभर गाड्या हाकताहेत. "म्हणूनच एवढा ट्रॅफिक तुंबतो का हो?" असं माझी बायको युएछिन अधूनमधून विचारते, पण कलेची कदर घरात होत नाही हे जुनंच दुखणं आहे. सांगायचं एवढंच, की अनोळखी गल्लीतसुद्धा मी कुणाला पत्ता विचारत नाही. आणि पन्नाशी उलटली तरी चष्मा लावत नाही. डोळे कसे, घारीचे!

त्यामुळे यंदा छिंगमिंग, म्हणजे पितरांची थडगी झाडायचा सण, तोंडावर आला आणि गावाहून थोरल्या भावाचा फोन आला, की "माझी कंबर धरलीय रे, बाबांचं थडगं झाडायला या वर्षी तू जा," तेव्हा मी म्हटलं, "एवढंच ना दादा? पड तू निवांत!"

"सापडेल ना तुला? डोंगरावर गवत फार माजलंय."

"बाप माझा आहे! मला नाही सापडणार तर कुणाला सापडणार?"

आता खरं सांगायचं, तर बाबांना मातीत ठेवलं त्यानंतर मी तो डोंगर चढलोच नव्हतो. सणाच्या सुट्टीतच शिकाऊ मंडळींची झुंबड उडते, म्हणून दर वर्षी दादाच जायचा. मग मी ठरवलं, की इतक्या वर्षांची कसर एका फटक्यात भरून काढायची. बाबांना असं काही पाठवायचं की तिकडच्या आळीतले सगळे माना वळवून बघत राहतील!

पितरांच्या सामानाच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, "बंगला दाखवा."

दुकानदारीण बाईंनी दुमजली बंगला काढला. थडग्यापुढे जाळून वर पाठवायचा, म्हणजे कागदाचाच, पण काय थाट! खिडक्यांना पडदे, दारात दिवे, मागे बाग, बागेत माशांचं तळं. असा बंगला मला जिवंतपणी कुणी दिला तर मी आजच मरायला तयार आहे!

"गाडी हवी का?" बाईंनी विचारलं.

"गाडी तर आधी! पण ऑटोमॅटिक द्या. बाबांना गिअर जमणार नाहीत."

"कागदाच्या गाडीला गिअर नसतात हो."

"मग ड्रायव्हर द्या."

त्यांनी टोपीवाला कागदी ड्रायव्हर दिला. "आणि बंगल्यावर या दोघी मोलकरणी फुकट आहेत," म्हणत गालांवर लाली चोपडलेल्या दोन कागदी पोरीही ठेवल्या. फुकट म्हटल्यावर मी कशाला नको म्हणतोय!

"खोक्यावर ज्यांना पाठवायचं त्यांचं नाव घाला बरं का," बाई म्हणाल्या. "नाहीतर भलत्याच्याच हाती लागतं."

"अहो बाई, मी स्वतः नेऊन देणार आहे. घरपोच!"

युएछिनला घेऊन गावी पोचलो तो आईनं दारातच माझं जॅकेट काढून घेतलं. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचं, लालभडक, पाठीवर पिवळी अक्षरं.

"लाल घालून थडग्यावर? लग्नाला चाललायस?" तिनं दादाचा काळा रेनकोट माझ्या अंगात कोंबला आणि टोपी थेट भुवयांपर्यंत ओढली. "हे बघ, वर कुणाच्या थडग्याकडे बोट दाखवू नकोस. कुणाच्या चौथऱ्यावर पाय देऊ नकोस."

"नाही देत."

"फोटो काढू नकोस मेल्या. आणि मुख्य म्हणजे, मागून कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही! वळून बघायचं नाही! वर कोण कुणाला हाक मारत असेल सांगता येत नाही."

"आई, मी काय लहान आहे?"

"लहान होतास तेव्हा ऐकायचास तरी."

तिला स्वतःला गुडघ्यांमुळे चढवत नव्हतं. युएछिन तिच्याजवळ स्वयंपाकघरात थांबली, सणाचे हिरव्या पाल्याचे तांदळाचे उंडे वळायला. मी एका हातात बंगला, दुसऱ्या हातात गाडी, खांद्याला झाडू, कोयता आणि रंगाचा डबा, आणि पिशवीत आईनं सकाळपासून शिजवलेला डुकराचा पाय असा निघालो. डुकराचा पाय म्हणजे बाबांचा जीव की प्राण! ते हाडंसुद्धा अशी चोखायचे की कुत्री निराश होऊन निघून जायची.

डोंगरावर भुरभुर पाऊस. गवत कमरेएवढं. आमच्या श्यालिन गावात सगळ्यांचंच आडनाव लाय. त्यातून एका पिढीच्या सगळ्या पुरुषांच्या नावात एक अक्षर ठरलेलं. बाबांच्या पिढीचं अक्षर क्वांग. त्यामुळे वर जिकडे बघावं तिकडे लाय क्वांग अमुक, लाय क्वांग तमुक! दुसरा कुणी गोंधळला असता. मी नाही. मला पक्कं आठवत होतं, की मोठ्या कापूरवृक्षाखालून डावीकडे वळायचं आणि कोपऱ्यावरचं थडगं. वळलो. कोपऱ्यावर थडगं होतंच! अक्षरांचा रंग उडाला होता, पण लाय दिसलं, क्वांग दिसलं, तिसरं अक्षरही तसंच भरगच्च रेघांचं. झालं की! बाकी डोळे भरून आल्यावर कोण वाचत बसतं?

मी गवत कापलं. दगड घासला. मग खाचांतून कुंचला फिरवत अक्षरं लालबुंद रंगवली, अशी की समोरच्या डोंगरावरून वाचावीत. डुकराचा पाय मांडला, तांदळाची दारू ओतली, उदबत्त्या लावल्या आणि बंगल्याला काडी लावली. बंगला पेटला, गाडी पेटली, ड्रायव्हरही टोपीसकट गेला.

"बाबा!" मी मोठ्यानं रडत म्हटलं. "मी आलो, तुमचा धाकटा! इतकी वर्षं मला तुमच्यापर्यंत येता आलं नाही. दर वेळी थोरला येतो, मी आपला लांबच राहिलो! आई अजून तुमच्या आठवणीनं रडते हो. शहरात मोठं घर घेऊन देईन असा शब्द दिला होता तुम्ही तिला. तुमच्यानं झालं नाही. ते घर आज मी आणलंय!"

खालच्या बांबूच्या रानात काहीतरी खसखसलं. मला वाटलं, बाबाच असतील. मी ओ दिली नाही, वळून पाहिलं नाही. नियम म्हणजे नियम!

खाली आलो तेव्हा माझी छाती एवढी फुगली होती की रेनकोटाची बटणं लागेनात. "कसं झालं?" आईनं विचारलं. मी म्हटलं, "आई, असा सोहळा या डोंगरानं पाहिला नसेल!" आईनं डोळे पुसले. दादा पडल्या पडल्या म्हणाला, "शाब्बास!" युएछिन काहीच बोलली नाही, पण बायकोचं न बोलणं ही आमच्याकडे शाबासकीच धरतात.

संध्याकाळी आम्ही चहा घेत बसलो होतो, एवढ्यात दार धाडकन उघडलं आणि म्याओचनकाकू आत आल्या. म्याओचनकाकू म्हणजे आमच्या क्वांगह्वेइकाकांच्या बायको. ह्वेइकाका बाबांचे चुलत भाऊ, बाबांच्या मागोमाग वर्षभरात गेले. काकू आणि आई लग्न होऊन एकाच वर्षी गावात आल्या, तेव्हापासूनच्या जिवाभावाच्या मैत्रिणी. अशा या काकू, एरवी तोंडातून मोठा शब्द न काढणाऱ्या, त्या दिवशी उकळत्या किटलीसारख्या वाफा सोडत होत्या!

"मी त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय!" त्या आईला म्हणाल्या. "उद्यापासून त्याला भात नाही, उदबत्ती नाही! मर म्हणावं उपाशी!"

"अगं, तो मेलेलाच आहे," आई म्हणाली. "झालं काय?"

"बाई होती त्याला! दुसरी! आणि तिच्यापासून पोरगाही!"

आईनं कपबशी खाली ठेवली. दादा कंबर विसरून उठून बसला आणि लगेच ओरडून पुन्हा आडवा झाला.

काकूंनी मग जे सांगितलं ते असं. दुपारी त्या मुलाला, छीशंगला, घेऊन डोंगरावर गेल्या. बघतात तर थडगं आधीच कुणीतरी झाडलेलं! अक्षरं रंगवलेली! जळक्या कागदी बंगल्याच्या राखेचा एवढा मोठा ढीग! आणि कहर म्हणजे बांबूचे कोंब खणणाऱ्या चाइफंग मावशीनं सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं. काळा डगला घातलेला, तोंड झाकलेला माणूस 'बाबा, बाबा' करून ऊर बडवत होता. 'थोरला उघड येतो, मला लांबच राहावं लागतं' म्हणत होता. 'तुम्ही आईला शहरात घर घेऊन देणार होतात' म्हणत होता!

"शहरात घर!" काकू किंचाळल्या. "मला साधी खिडकीला काच लावून दिली नाही जन्मात!"

आईनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी लगेच सूत्रं हातात घेतो, माझा स्वभावच तसा आहे.

"काकू, तुम्ही रडू नका," मी म्हटलं. "हा माणूस मी शोधून काढतो! अहो, सोपं आहे. एवढा बंगला जाळतोय म्हणजे शहरातला. चांगला कमावता. आवाज कसा होता म्हणे?"

"चाइफंग म्हणाली, अगदी ह्वेइसारखा. रेडा ओरडल्यासारखा."

"म्हणजे आवाजावरून रक्ताचाच!" मी मान डोलावली. "माणूस हळवा दिसतो, आईवर माया आहे. वाईट घरातला नाही. फक्त थोडा अडाणी असावा."

"अडाणी? हलकट!" काकू म्हणाल्या. "काय ठेवलं होतं माहितीय थडग्यावर? डुकराचा पाय! ज्यानं तिशीपासून मांसाला हात लावला नाही, बुद्धाच्या देवळात जाऊन शपथ घेतली, त्याच्यासमोर डुकराचा पाय! म्हणजे मला मुंगी मारू द्यायचा नाही, आणि तिच्याकडे जाऊन हाडं चोखत होता! दर आठवड्याला देवळात जातो म्हणून निघायचा. हे असं देऊळ होतं होय ते!"

"अहो," स्वयंपाकघरातून युएछिनची हाक आली. "जरा इकडे या."

"थांब गं, महत्त्वाचं चाललंय."

"आत्ता या!"

गेलो. ती चुलीसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बाबांना तुम्ही काय वाहिलंत आज?"

"काय म्हणजे? डुकराचा पाय."

"आणि जाळलंत काय?"

"बंगला."

"आणि अंगात काय होतं?"

चढावर गाडी बंद पडावी आणि मागे सरकायला लागावी, तसं मला आतून मागे सरकल्यासारखं झालं.

"योगायोग असेल," मी म्हटलं.

"जा बाहेर आणि सांगा त्यांना."

"आधी खात्री करू दे! उद्या सकाळी वर जाऊन बघतो. मी रस्ता चुकत नाही, युएछिन."

तिनं स्वतःचा वाचायचा चष्मा काढला आणि माझ्या नाकावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच रेनकोट घालून, कोयता पिशवीत टाकून वर गेलो. कापूरवृक्षाखालून डावीकडे, कोपऱ्यावर. चष्मा लावला. आमच्या लिपीत 'याओ' आणि 'ह्वेइ' या दोन अक्षरांची डावी बाजू हुबेहूब एक. उजवीकडे रेघांचं जंगल, तेही साधारण त्याच उंचीचं. अर्थसुद्धा दोन्हींचा उजेडच! माझे बाबा क्वांगयाओ. आणि माझ्यासमोर, माझ्याच हातानं लालबुंद रंगवलेला, उभा होता क्वांगह्वेइ. समोरच्या डोंगरावरून वाचता येईल असा!

राखेतून एका मोलकरणीचं अर्धं तोंड माझ्याकडे बघून हसत होतं.

"मग माझे बाबा कुठे गेले?" मी मोठ्यानं म्हटलं. आणि बरोबर त्याच वेळी मागून हाक आली.

"भाऊ!"

मी गोठलो. वळायचं नाही! ओ द्यायची नाही!

"भाऊ, थांब! घाबरू नकोस!"

आवाज जवळ येत होता. मी पाय उचलला आणि चढावर सुटलो. मागून धपधप पावलं! "अरे भाऊ, पळतोस काय? मी तुझाच आहे!" माझाच आहे म्हणतोय! आमच्या घराण्यातलं कोण असं दांडगं मेलंय ते आठवत मी जिवाच्या आकांतानं वर पळालो. ओल्या गवतावर पाय सटकला, मी तोंडावर आपटलो आणि माझं नाक एका दगडावर खाडकन आदळलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ते विझल्यावर बघतो तर चष्मा शाबूत, आणि चष्म्यासमोर गवताआड फिकट, धुळकट तीन अक्षरं. लाय क्वांगयाओ.

बाबा! एक टप्पा वर होते. कापूरवृक्ष दोन होते हो डोंगरावर!

तेवढ्यात एका जाडजूड हातानं मला मानेला धरून उलटं केलं. समोर छीशंग. म्याओचनकाकूंचा मुलगा, गावात टायरचं दुकान चालवतो, माणूस म्हणजे टायरच. त्याच्या दुसऱ्या हातात दारूची बाटली आणि सिगारेटचं नवं पाकीट.

त्यानं माझा चेहरा पाहिला आणि त्याचा चेहरा पडला.

"तू?" तो म्हणाला. "हट् लेका! मला वाटलं माझा भाऊ!"

"मारू नकोस," मी नाक धरून म्हटलं, "सांगतो सगळं."

सगळं सांगितलं. थडग्यांकडे बोट दाखवायचं नसतं म्हणून हनुवटीनं दाखवत सांगितलं, 'ते तुझे बाबा, हे माझे.' छीशंग ऐकत ऐकत खाली ओल्या गवतावर बसला. मला वाटलं, आता हा हसेल किंवा मला डोंगरावरून लोटून देईल. तो बाटलीच्या बुचाशी चाळा करत राहिला.

"पहाटेपासून बसलो होतो," तो म्हणाला. "आई ओरडतेय तर ओरडू दे म्हटलं. एकटाच वाढलो ना रे. तुम्ही दोघं भाऊ भांडायचात तेही मी कुंपणावरून बघत बसायचो. म्हटलं, आला तर त्याला घरी जेवायला न्यायचं. ही सिगारेट चांगल्यातली घेतली मुद्दाम."

मी त्याच्या शेजारी बसलो. मग त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या, माझ्याकडे बघून म्हणाला, "कोयता आणलायस का? आण इकडे," आणि दोघांनी मिळून बाबांचं थडगं झाडलं. गवत त्यानं कापलं, दगड मी घासला. बंगला नव्हता, गाडी नव्हती. भावासाठी आणलेली दारू त्यानं बाबांसमोर ओतली, चांगल्यातली सिगारेट पेटवून दगडावर ठेवली. ती छान शेवटपर्यंत जळली. बाबांना आवडली असणार.

खाली येऊन काकूंना सांगितलं. काकूंनी आधी मला झाडूनं मारलं. नाकावर नाही, एवढी माया! मग हसल्या. हसता हसता रडल्या. मग आत जाऊन भिंतीकडे वळवलेला फोटो सरळ केला, बाहीनं काच पुसली आणि म्हणाल्या, "रात्रभर काय काय बोलले हो मी तुम्हाला. उपाशी ठेवलं." भात वाढला, उदबत्ती लावली. पुन्हा माझ्याकडे वळल्या.

"पण आता गावाचं काय? चाइफंगनं घरोघर सांगितलंय. आज कुळाच्या सभागृहात सणाचं जेवण आहे, सगळं गाव येईल. मी तोंड कसं दाखवू?"

"काकू," मी म्हटलं, "ते माझ्यावर सोडा. सगळ्यांसमोर उभा राहतो आणि एका दमात खुलासा करतो. मी रोज वर्गात बोलतो, लोक माझा शब्दन् शब्द ऐकतात!"

दुपारी सभागृह गच्च भरलं होतं. पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांसमोर टेबलंच टेबलं, वाफाळती पातेली, गोंगाट. आईच्या शेजारी म्याओचनकाकू. पलीकडच्या टेबलावर चाइफंग मावशी, हातवारे करून कुणाला तरी रेडा ओरडून दाखवत होती. मी बाकावर चढलो, छीशंगला शेजारी उभं केलं आणि टाळी वाजवली. सगळीकडे शांतता.

"मंडळी!" मी खणखणीत आवाजात म्हटलं. "काल ह्वेइकाकांच्या थडग्यावर 'बाबा' म्हणून जो धाकटा मुलगा रडत होता, तो दुसरा तिसरा कुणी नसून मीच आहे!"

आणि मी थांबलो. असं थांबावं लागतं, त्याशिवाय बोलण्याला वजन येत नाही. बरोबर त्याच क्षणी दारात कुणीतरी जेवणाच्या मुहूर्ताच्या फटाक्यांची माळ पेटवली!

तड् तड् तड् तड् तड्! अशी माळ मी आयुष्यात पाहिली नाही. संपेचना! पण मी कच्चा नाही, मी बोलत राहिलो. दोन्ही हात पसरून समजावलं. छातीवर हात ठेवून चूक कबूल केली. डोळे पुसले. याओ आणि ह्वेइ या अक्षरांचं साम्य हवेत काढून दाखवलं. छीशंगचं मन किती मोठं हे सांगताना त्याला मिठी मारली, आणि त्या गधड्यालाही भरून आलं, त्यानंही मला उचलून मिठी मारली. तेवढ्यात माळ संपली.

"आणि हेच सत्य आहे!" मी म्हटलं.

धुरातून कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं! घराण्यातले सर्वांत वडील आजोबा काठी टेकत आले, माझा खांदा थोपटून म्हणाले, "धाडस लागतं पोरा. इतकी वर्षं मनात ठेवलंस."

"काय ठेवलं मनात?" मी विचारलं.

"मी म्हटलं नव्हतं?" पलीकडून चाइफंग मावशी ओरडली. "आवाज तोच! आणि नाक बघा ना, नाक! ह्वेइचंच नाक!"

दगडावर आपटून माझं नाक बटाट्याएवढं झालं होतं. आणि ह्वेइकाकांचं नाक जन्मापासून बटाट्याएवढं होतं. सगळं गाव माझ्या नाकाकडे बघायला लागलं. मग, जसा एखाद्या चौकात सिग्नल पडावा आणि सगळी वाहनं एकदम वळावीत, तशी सगळी डोकी वळली. माझ्या आईकडे!

आईच्या हातातल्या काड्यांमध्ये माशाचा तुकडा होता. तो तसाच हवेत थांबला. शेजारी म्याओचनकाकू.

मी बाकावरून ओरडलो, "अहो तसं नाही! थडगं चुकलं माझं! रस्ता चुकलो मी! मी रस्ता चुकलो!" आयुष्यात पहिल्यांदा हे शब्द मी उच्चारले, चारचौघांत, घसा फोडून. आणि कुणाचाही विश्वास बसला नाही.

"आईची अब्रू झाकतोय बिचारा," एक बाई दुसरीला म्हणाली. "गुणी आहे हो पोरगा."

घरी परतताना वाटलं, आता आई मला घराण्यातून काढून टाकणार. दारातून आत डोकावलो तर आई आरशासमोर बसून केस विंचरत होती. मागे म्याओचनकाकू उभ्या राहून तिच्या अंबाड्यात काटा खोचत होत्या. दोघी पोट धरून हसत होत्या!

"बघितलंस ना सगळ्यांची तोंडं?" आई म्हणत होती. "अगं, या वयात! मला तर वाटलं होतं, माझ्याबद्दल बोलायला गावाला आता माझे गुडघेच उरलेत!"

"पण तू पसंत कुणाला केलंस, तर ह्वेइला?" काकू म्हणाल्या. "मी म्हणून संसार केला."

"का गं? तरुणपणी बरा दिसायचा हो."

"घे मग तूच. बंगला आहे, गाडी आहे आता त्याच्याकडे!"

मला पाहून दोघी गप्प झाल्या, आणि पुन्हा फुटल्या.

निघायच्या दिवशी आईनं उंड्यांचा डबा दिला, दादानं पडल्या पडल्या हात हलवला, आणि छीशंगनं माझ्या गाडीच्या चारही टायरांत हवा भरून दिली. मी पाकीट काढलं तर म्हणाला, "ठेव रे, भावाकडून काय घ्यायचं?" गावानं बहाल केलेलं नातं त्यानं सोडलं नव्हतं. मीही पाकीट परत खिशात टाकलं.

गाडी सुरू करणार तोच म्याओचनकाकू खिडकीशी आल्या. त्यांनी माझी हनुवटी दोन बोटांत धरली, चेहरा उजेडाकडे वळवला, डोळे बारीक करून बराच वेळ नाकाकडे पाहिलं. आता त्या हसत नव्हत्या.

"चिंगसुंग," त्या म्हणाल्या, "सूज उतरली ना बाळा, की एक फोटो पाठव हं."

सूज केव्हाच उतरली आहे. नाक माझं बाबांचंच आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही! फोटो मात्र अजून पाठवलेला नाही. शिकाऊ लोकांची फार गर्दी आहे सध्या.